किती ओळींची चौकट

नाशिकची थंडी यंदा उशिरा आली, पण आली ती एकदम. परवा सकाळी अंबडच्या रस्त्यावर स्कूटरचं हँडल धरवेना. कारखान्यांच्या गेटांबाहेर, चहाच्या टपऱ्यांवर माणसं दोन्ही हातांत ग्लास धरून उभी होती आणि चहा प्यायची कुणालाच घाई नव्हती. ऑफिसात पोहोचले तर रेवती पडद्यासमोर वैतागून बसलेली. रेवती माझ्याच वयाची, पुण्याची नोकरी सोडून नुकतीच आमच्याकडे आलेली.

आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मशीनवर काय चाललंय, कुठे काय अडलंय, हे एका संगणकाच्या पडद्यावर ओळीओळीनं उमटत राहतं. त्या ओळींसाठी रेवतीनं एक चौकट केली होती आणि ती चौकट प्रत्येक नव्या ओळीबरोबर वाढत चालली होती. वाढता वाढता तिनं खालचं ‘थांबवा’ हे बटण पडद्याच्या बाहेर ढकलून दिलं होतं.

“अगं, हिला आवर कसा घालायचा?” रेवती म्हणाली. “मजकूर येतोय तशी फुगत चाललीय.”

“ती किती ओळींची आहे, हे तिला सांगितलंयस का?”

“म्हणजे?”

“एका वेळी किती ओळी दिसायला हव्यात ते आधी सांगायचं. उरलेल्या वर सरकतात. ज्याला बघायच्या असतील तो स्क्रोल करून बघतो.”

“बरं. मग किती सांगू?”

खरं तर सोपा प्रश्न होता. मशीनचे निरोप आहेत, दहा-बारा ओळी पुष्कळ झाल्या. पण हाच प्रश्न अशाच एका थंडीत माझ्या घरात कितीतरी दिवस पडून होता, आणि तेव्हा तो मशीनच्या निरोपांबद्दल नव्हता.

या कामातली ही गोष्ट मला पहिल्यापासून विचित्र वाटत आलीय. मजकुराला अंत नसतो. तो येत राहील, उद्याही येईल, किती येईल ते कुणीच सांगू शकत नाही. चौकटीला मात्र काठ लागतोच. त्यातही तो काठ पडद्याच्या ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, मोजून दिला तर फसगत होते. अक्षर मोठं केलं की त्याच जागेत कमी ओळी मावतात आणि शेवटची ओळ मधोमध चिरली जाते. म्हणून माप ओळींतच द्यायचं. इतक्या ओळी उंच, इतकी अक्षरं रुंद. ओळ लांब झाली तर तिनं खाली वळावं, आडवं पळू नये. आडवं स्क्रोल करत वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघण्यासारखं आहे. हे सगळं मी कितीतरी जणांना शिकवलंय. माप किती असावं, हे मात्र ज्याच्यासाठी चौकट करायची त्या माणसाला बघूनच ठरवावं लागतं.

त्या वर्षी तो माणूस म्हणजे नाना, माझे वडील.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. गुलाब, शेवंती, गुलछडी, दसरा-दिवाळीला झेंडू. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. धाकटा भाऊ संदीप मळा बघायचा आणि नाना बाजार. गोदाकाठच्या फुलबाजारात पहाटे त्यांची जागा ठरलेली होती. उंची बेताची, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की पलीकडच्या रांगेतलं गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. “घ्या गुलाब, घ्या दवातला!” एवढंच म्हणायचे, पण त्यातला ‘दवातला’ इतका लांबवायचे की लहानपणी मला वाटायचं, हा शब्द असाच लांब असतो.

तो आवाज आधी बसला. हवा बदलली म्हणून बसला, ओरडून ओरडून बसला, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. मग घास गिळताना दुखायला लागलं. मग तपासण्या. दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ पूर्ण निघाली, जीव वाचला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर पातळ रुमालासारखं कापड बांधायचं. आता श्वास तिथून यायचा आणि तिथूनच जायचा, तोंडापर्यंत पोहोचायचाच नाही. त्यामुळे कुजबुजसुद्धा नाही.

मळ्यावर धूळ असते, औषधं फवारतात, म्हणून थंडी सरेपर्यंत नानांनी माझ्याकडे राहायचं ठरलं. माझा फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे वर्षानुवर्षं एकटी राहत होते. लग्न झालं नाही, त्याचं काही मोठं कारणही नाही. एकटेपणाची सवय होते, असं लोकांना सांगायची मला सवय झाली होती. शनिवारी दुपारी दूधवाल्याशी बोललेलं एखादं वाक्य मला सोमवार सकाळपर्यंत पुरवावं लागायचं. त्यामुळे नाना येणार म्हटल्यावर, आणि हे सांगायला जरा संकोच वाटतो, काळजीच्या खाली कुठेतरी मला आनंद झाला होता. घरात कुणीतरी असणार होतं.

कुणीतरी होतंही. फक्त घर आधीपेक्षा शांत झालं. एकटं असताना मी निदान स्वतःशी पुटपुटायचे, गाणं लावायचे. आता नाना झोपलेत की जागे, हे बघायला दारापाशी जाऊन कापडाखालच्या श्वासाचा आवाज ऐकायचा.

शेजारच्या बागूल काकू रोज डोकावायच्या. त्या सटाण्याकडच्या, मनानं फार मोकळ्या. पण ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

“नाना! बरं शे ना!” त्या दारातूनच ओरडायच्या. “जेवण! जेवण केलं का!”

नाना कानाकडे बोट दाखवायचे, हसायचे, हात जोडायचे. काकूंना वाटायचं, नाना म्हणताहेत की ऐकू येत नाही. त्या आणखी मोठ्यानं ओरडायच्या.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र सुचवलं होतं. ते लावून नानांनी एकदा ‘मनू’ म्हटलं, म्हणजे माझं नाव. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज आला. त्यांनी यंत्र पुसलं, नीट पेटीत ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही. माझ्या मोबाईलवर टाइप करावं तर बोटं चालेनात. जन्मभर काट्यांत हात घालून बोटांची टोकं इतकी राठ झालेली की मोबाईलच्या काचेला ती कळतच नव्हती. ते अक्षरावर बोट दाबायचे, काच गप्प. ते जोरात दाबायचे, काच तरी गप्पच. मग माझ्याकडे असं बघायचे, जणू म्हणायचंय, आता हीसुद्धा?

म्हणून मी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला. कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि दोन संध्याकाळी बसून नानांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक खिडकी, तिच्यात एक मोठी चौकट, खाली एकच बटण, ‘पुसा’. अक्षर चांगलं मोठं, चष्मा नसला तरी दिसेल असं. वाचून दाखवणारा आवाजही जोडून बघितला, पण तो बाईचा निघाला. नानांच्या ‘चहा दे’चं त्या बाईनं इतकं गोड ‘चहा दे’ केलं की नाना खांदे हलवत हसत सुटले. हसण्यालाही आवाज नव्हता. बाईचा तो आवाज मी काढून टाकला.

नाना सातवी शिकलेले. टाइप करताना एका बोटानं अक्षर शोधायचे, सापडलं की दाबायच्या आधी माझ्याकडे बघायचे. जोडाक्षरं त्यांना जमायची नाहीत. ती कशी करायची हे मी पुन्हा पुन्हा दाखवलं, मग त्यांनी वेगळाच मार्ग काढला. ज्या शब्दात जोडाक्षर नाही तेच शब्द वापरायचे. त्यामुळे त्यांचं बोलणं बदललं. ‘मळ्यात’ लिहिता येत नव्हतं, म्हणून ‘मळा’. ‘तुझ्यासाठी’ अडचणीचं, म्हणून ‘तुला’. भरभरून, लांबलचक बोलणारा माणूस मोजके, सुटे शब्द वेचून ठेवायला लागला. ते वाचताना मला वाटायचं, हे नाना आहेत खरे, पण कुणीतरी त्यांना फार लांबून बोलायला लावलंय.

एकदा मी ऑफिसातून आले तर ते वाट बघतच बसलेले. चौकटीत लिहिलं होतं : “फलं कशी आहेत विचार”.

“फळं? कोणती फळं आणू? पपई हवीय?” मी विचारलं.

नानांनी मान हलवली, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. फलं.

“द्राक्षं? बाजारात आलीत की नाही बघते.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग खिडकीतल्या कुंडीकडे गेले आणि मेलेल्या सदाफुलीचं वाळकं फूल तोडून माझ्यासमोर धरलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी बरोबर ‘फुलं’ लिहिलं होतं. ओळीची उंची मी इंग्रजी अक्षरांवरून धरलेली. आपल्या अक्षराला वर वेलांटी लागते, रफार लागतो, खाली उकार लागतो. इंग्रजीच्या मापात ते सगळं बसत नाही. चौकटीनं ‘फु’चा उकार खालून कापून टाकला होता. मळ्यावरची फुलं कशी आहेत, हे संदीपला विचार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी उंची वाढवली, उकार दिसायला लागला, आणि मी हसतही होते, पण मनात आलं, आणखी किती गोष्टींचे उकार खालच्या खाली कापले जात असतील आणि मला पपई ऐकू येत असेल?

मोठा वाद झाला तो ओळींवरून.

मी चौकट मोठी केली होती. जवळजवळ अख्खा पडदा व्यापेल एवढी, आणि शिवाय स्क्रोल. दिवसभर लिहिलेलं सगळं त्यात राहायचं. संध्याकाळी आले की मी वरपासून वाचायचे. दूधवाला आला नाही. गार वारा. काकू भाजी देऊन गेली. माझी संध्याकाळ त्यावर भरायची. पण मी वर सरकवून सकाळचं काही वाचत असले आणि तेवढ्यात नानांनी नवीन अक्षर दाबलं, की चौकट झटकन खाली, शेवटच्या ओळीवर यायची. मी पुन्हा वर जायचे, ते पुन्हा खाली आणायचे. तीनचारदा असं झाल्यावर मी म्हटलं, “थांबा ना नाना, मी वाचतेय.”

त्यांनी टाइप केलं : “मी इथं आहे. ते कशाला वाचतेस?”

“सकाळचं वाचतेय. तुम्ही दिवसभर काय बोललात ते.”

“एकच ओळ ठेव.”

“एक ओळ? मग मागचं दिसणार कसं?”

“नको दिसायला.” बराच वेळ ते अक्षरं शोधत राहिले. मग आलं : “बोललं की गेलं. बोललेलं राहत नसतं.”

मी समजावायला लागले. राहिलं तर चांगलंच ना, उगाच पुन्हा लिहायला नको, डॉक्टरांना दाखवता येईल. ते ऐकत होते. मग त्यांनी ‘पुसा’ दाबलं. सकाळपासूनचा सगळा मजकूर गेला. मला खरंच राग आला. त्यांनी रिकाम्या चौकटीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग माझ्याकडे, आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले. आता बोल, असं.

तेव्हा मला ते हट्टी वाटले. आता कळतं, त्यांना काय टोचत होतं. बाजारात आयुष्यभर जे बोलले ते हवेत विरून गेलं. रागावले तेही विरलं, चेष्टा केली तीही विरली. आणि आता म्हातारपणी त्यांचं ‘साखर कमी टाक’सुद्धा भिंतीवर लिहिल्यासारखं दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचं. अशानं माणूस बोलतच नाही, तो नुसता नोंदला जातो. मी शेवटी तीन ओळींवर तडजोड केली. चौथी लिहिली की पहिली कायमची जायची, स्क्रोल नाही. असं काही मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

थंडी वाढत गेली. सकाळी दरवाजा उघडला की गॅलरीतल्या धुक्यात समोरची इमारत नाहीशी झालेली असायची. गार कोरड्या हवेनं नानांना खोकल्याची उबळ यायची, म्हणून खिडक्या बंद. माझ्या ऑफिसात कामाचा ताण होता, घरी आल्यावरही मी लॅपटॉप घेऊन बसायचे. कधी सुरू झालं आठवत नाही, पण मीही त्यांना टाइप करूनच उत्तर द्यायला लागले. ते त्या टेबलावर, मी इकडे सोफ्यावर. मी माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या चौकटीत ओळ पाठवायची सोय करून घेतली होती. ‘जेवायचं का?’ ‘थोडं थांबू.’ ‘गोळी घेतली?’ ‘हो.’ दिवसचे दिवस त्या घरात कुणीच बोलत नव्हतं. कळांचा टकटक आवाज तेवढा यायचा आणि पंखा बंद असल्यामुळे तो फार स्पष्ट यायचा.

एका संध्याकाळी मी पाठवलं, ‘उद्या डॉक्टरांकडे जायचंय, नऊला तयार राहा.’ उत्तर आलं नाही. मी वर बघितलं. नाना माझ्याकडेच बघत होते. मग ते कीबोर्डकडे वळले आणि अक्षरं शोधायला लागले.

“मला ऐकू येतं.”

मग दुसरी ओळ.

“तू तरी बोल.”

मी लॅपटॉप बंद केला. “चहा ठेवू का, नाना?” एवढंच म्हणाले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, गाणं ऐकणारा माणूस हलवतो तशी.

त्यानंतर मी बोलत राहायचे. कणीक मळताना, भाजी निवडताना, काहीही. ऑफिसातल्या गमती, रस्त्यावरचे खड्डे, द्राक्षांच्या गाड्यांमुळे झालेली वाहतुकीची कोंडी. मला इतकं बोलायचं होतं हे मलाच माहीत नव्हतं. नाना ऐकायचे. पण त्यांचं टाइप करणं कमी कमी होत गेलं. तीन ओळींची चौकट बहुतेक वेळ रिकामी असायची. ते गॅलरीच्या बंद काचेशी उभे राहून मळ्याच्या दिशेनं बघायचे. तिथून मळा दिसायचा नाही, टाक्या आणि टॉवर दिसायचे.

मकर संक्रांतीच्या सुमारास बागूल काकूंनी देवासाठी आणलेल्या फुलांतला एक गावठी गुलाब नानांच्या हातात दिला. मी घरी नव्हते. आले तेव्हा गुलाब टेबलावर कीबोर्डशेजारी होता आणि तीनही ओळी भरल्या होत्या.

“नाकाला लावला. वास आला नाही.”

“कधीच येणार नाही. मला ठाऊक होतं.”

“तुला सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं असणार. श्वास नाकातून जात नाही तर वास कुठून येणार? पण आवाजाच्या धक्क्यात माझ्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. पहाटेच्या अंधारात वासावरून आजचं फूल आणि कालचं फूल वेगळं काढणारा हा माणूस दोन-अडीच महिने माझ्या घरात बसून हे एकटाच सोसत होता. मी त्यांच्या शेजारी बसले. मग मी तो गुलाब घेतला, हुंगला आणि म्हटलं, “चांगला आहे. थोडासा वेलचीसारखा.” नानांनी माझ्याकडे बघितलं, मान तिरकी केली आणि फूल माझ्या हातातून काढून घेतलं. माझं वर्णन त्यांना पसंत पडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पहाटे मी त्यांना बाजारात घेऊन गेले. त्यांना बरं वाटेल म्हणून. लॅपटॉपवर तोच प्रोग्राम टाकून घेतला होता, चिकटपट्ट्यांसकट. कुणी काही विचारलं तर उघडून द्यायचा, असं माझ्या मनात होतं. गळ्याला जाड मफलर, डोक्याला टोपी. संदीप टेम्पो घेऊन आधीच पोहोचला होता. नदीवरून वाफ निघत होती आणि रांगांमधून शेवंतीचे पिवळे-पांढरे ढीग उजेडात येत होते.

नाना उतरले आणि त्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसणारे बाळूकाका उठून उभे राहिले.

“आला का पहिलवान!” ते म्हणाले. “लय दिवस लावले राव. तुझी जागा धरून धरून मी दमलो ना.”

ते ओरडले नाहीत. त्यांनी गळ्याकडे बघितलं नाही. जागेवरची बारदानं सरकवली आणि नाना तिथं बसले. मी लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन बाजूला उभी. गिऱ्हाईक आलं. नानांनी गुलाबांची जुडी उचलून उलटी धरली, अंगठ्यानं पाकळी चोळली, खालचा ओठ पुढे काढला. गिऱ्हाईक म्हणालं, “बास का नाना, एवढं काय?” नानांनी जुडी परत ठेवल्यासारखी केली. गिऱ्हाईक हसलं आणि घेऊन गेलं. पुन्हा एक आलं, पुन्हा तेच. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं आणि तिथं सगळ्यांना सगळं कळत होतं.

मग एका टोपलीशी ते थबकले. त्यांनी त्यातलं एक फूल उचललं आणि न विचारता बाळूकाकांच्या नाकाशी नेलं. बाळूकाकांनी हुंगलं. नाना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“कालचं हाय,” बाळूकाका म्हणाले. “आजचं नाय.”

नानांनी ती टोपली बाजूला सारली आणि दुसरी पुढे ओढली. पुन्हा फूल, पुन्हा बाळूकाकांचं नाक. जणू हे असंच चालत आलंय. मी बॅगेचा पट्टा खांद्यावर घट्ट केला. बॅग उघडायची वेळ आलीच नाही.

घरी येताना ते गाडीत झोपले. जेवणानंतर टेबलाशी बसले आणि मला हाक मारावी तशी टेबलावर थाप मारली.

“मी घरी जातो.”

“हेच घर आहे ना, नाना. थंडी तरी सरू दे. मळ्यावर फवारणी असते, धूळ असते, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“कापड बांधीन.”

“आणि रात्री-बेरात्री काही झालं तर? तिथून दवाखाना किती लांब!”

“संदीप आहे.”

“मग माझं काय चुकलं तेवढं सांगा.” आवाज चढला माझा. त्या घरात तेवढा मोठा आवाज कितीतरी दिवसांनी निघाला असेल.

नानांनी हात वर केला, थांब म्हणून. मग टाइप करायला लागले. एक अक्षर, मग पुढचं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

“तुझं काही नाही चुकलं.”

“इथं मी आजारी. तिथं नाही.”

खाली तिसरी ओळ रिकामी होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं, विचार केला आणि ती तशीच ठेवली.

त्याच आठवड्यात संदीप आला. त्यानं नानांची पिशवी टेम्पोत ठेवली, गोळ्यांच्या वेळा माझ्याकडून दोनदा ऐकून घेतल्या. “ताई, काळजी नको करू. मी हाय ना,” तो म्हणाला. नाना पुढच्या सीटवर बसले. टेम्पो वळताना त्यांनी मागे बघितलं, हात केला. बागूल काकू जिन्यातून ओरडल्या, “नाना! सांभाळून!” नानांनी पुन्हा कानाकडे बोट दाखवलं. या वेळी मात्र ते खांदे हलवत हसत होते, हे लांबूनही कळलं.

मी वर आले. आधी कॉम्प्युटर बंद करायला गेले, मग नाही केला. पुढचे काही दिवस तो तसाच चालू असायचा. सवय लागलेली, म्हणून मी भाजी चिरताना बोलायला सुरुवात करायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला थांबायचे. त्यांच्यासाठी केलेली चौकट माझ्यासाठीच जास्त होती, हे तेव्हा नीट समजलं. त्यांना बोलायला माणसं होती, पूर्वीपासून होती, आवाज गेल्यावरही राहिली. मला मात्र त्या तीन ओळी येण्याची वाट बघत संध्याकाळी घाईनं घरी यायला मिळत होतं. नाना सुटले, बरं झालं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फक्त घर एका माणसाच्या मापाचं करून ठेवलेलं होतं आणि आता ते पुन्हा त्या मापात बसायला तयार नव्हतं.

थंडी ओसरत आली. दुपारी ऊन लागायला लागलं, द्राक्षांच्या गाड्या वाढल्या. एका रविवारी सकाळी मी नुसतीच बसून होते. फोन वाजला. नानांचा जुना नंबर. तो बटणांचा फोन ऑपरेशनपासून संदीपकडे असायचा, गिऱ्हाइकांसाठी.

“बोल रे संदीप,” मी म्हटलं.

पलीकडून कुणी बोललं नाही. बाजार ऐकू येत होता. टोपल्या आपटण्याचा आवाज, भाव पुकारणारं कुणीतरी, स्कूटरचा हॉर्न. मी ठेवणारच होते. तेवढ्यात त्या गोंगाटाच्या अलीकडे, अगदी फोनजवळ, कापडातून येणारा श्वास ऐकू आला.

“नाना?”

फोनवर नखानं वाजवल्याचा टकटक आवाज आला.

“काय झालं? बरं आहे ना?”

टकटक.

“काही हवंय का?”

काहीच नाही. नुसता श्वास. ज्याला फोनवर एक शब्दही बोलता येणार नाही अशा माणसानं स्वतः बटणं दाबून मला फोन केला होता आणि तो धरून ठेवला होता. मग मी बोलायला लागले. काल काकूंनी खापराच्या पुरणपोळ्या पाठवल्या, एक अजून उरलीय. ऑफिसात नवीन काम आलंय. सदाफुलीचं नवीन रोप लावलंय, जगेलसं दिसतंय. अधूनमधून टकटक यायची आणि मी पुढे जायचे. किती वेळ बोलले ठाऊक नाही. चहा कधीचा गार झाला होता.

मध्येच पलीकडे कुणीतरी जवळ आलं. गिऱ्हाईक असावं.

“ओ नाना, गुलाब कसे दिले? फोनवर कोणाशी बोलताय एवढं?”

आणि त्यांच्याऐवजी बाळूकाकांचा आवाज आला, “पोरीशी बोलतोय तो. जरा थांब की, घाई काय हाय.”